दाराला टांगलेला ससा

१४ डिसेंबर, रविवार

लेआर्को माझ्या बहिणीचा नवरा आहे, एवढ्या एकाच कारणासाठी तो अजून दोन पायांवर फिरतो आहे.

आज दुपारी इनेसकडे जेवायला गेलो. दर रविवारी जातो. बहीण बोलावते म्हणून जातो, मेहुण्याचं तोंड बघायला नव्हे. तिने सशाचा रस्सा आणि मक्याच्या पिठाचा पोलेंता केला होता. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच लेआर्को म्हणाला, "खा, ओत्तोरिनो, लाजू नकोस. तुझ्याच घरचा आहे. परवा तुझ्या हद्दीतून बाहेर आला आणि मला म्हणाला, तिकडे फार गर्दी झालीय हो, तुमच्या पातेल्यात जरा जागा द्या."

आणि हसला. तो हसला त्याचं काही नाही, इनेसही हसली. मी ताट सरकवलं, कोट घेतला आणि घरी आलो. चालताना सगळा रस्ता अंगाचा तिळपापड होत होता.

कालव्याच्या अलीकडचं हे राखीव रान मी अकरा वर्षं सांभाळतो आहे. आत कोणी बंदूक आणायची नाही, बाहेर काय तो गोंधळ घाला. जानेवारीत सगळ्या गावांनी मिळून जाळी लावायची, हाकारे घालायचे, जादा झालेले रानससे जिवंत धरून पेट्यांत घालायचे आणि ज्याच्या त्याच्या गावच्या शेतांत सोडायचे. तशी पद्धत आहे. मी राखणदार झालो तेव्हा सकाळभर फिरलं तर ससा दिसला तर दिसायचा. आज पहाटे गव्हात उभं राहिलं की नांगरलेली ढेकळंच चालायला लागली असं वाटतं. हे मी केलं. आणि लेआर्कोची टोळी काय करते? सप्टेंबरात हंगाम उघडला की माझ्या हद्दीवर कुत्री घेऊन उभी राहते, बाहेर पडेल तो ससा उडवते, आणि जानेवारीत रिकाम्या पेट्या घेऊन माझ्या दाराशी हजर.

यंदा जाळी लागणार नाहीत. ठरलं. उद्या राखीव रानाच्या कमिटीने जाब विचारला तर काय घडलं ते माझ्या शब्दांत असावं, म्हणून आजपासून लिहितो आहे.

१९ डिसेंबर

जनावरांची डॉक्टरीणबाई मिरेल्ला येऊन गेली. राखीव रानाच्या कडेच्या रस्त्यावर मोटारीखाली सापडलेल्या दोन माद्या तिने फाडून तपासल्या होत्या, त्याचं पुराण ऐकवायला.

म्हणाली, "पिल्लं होऊन गेली की गर्भाशयात डाग राहतात. पहिलीच्या पोटात एकाच वेताचे डाग आहेत. सशाची मादी वर्षात तीनदा, चारदा वितेच. दुसरीच्या पोटात तर काहीच नाही."

"असते एखादी," मी म्हणालो. "माझी एक मावशीही तशीच गेली."

"तुमच्याकडे ससे खूप दिसतात, पण ते जुने ससे आहेत. नवे होत नाहीयेत. दाटी झाली की माद्या कमी वितात, जी पिल्लं होतात ती हगवणीने मरतात. आणि एवढ्या दाटीत एखादी साथ शिरली तर थांबणार नाही. जानेवारीत निम्मे तरी काढा."

"बाई, दाटी काय असते ते मला विचारा. आम्ही सात भावंडं दोन खोल्यांत वाढलो. एकही मेलं नाही."

"सशांना सांगून बघा," ती म्हणाली. "आणि मेलेला ससा दिसला तर उघड्या हाताने उचलू नका. मला बोलवा."

चाळीस वर्षं याच हातांनी ससे सोलतो आहे. ही मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती. जाताना तिची गाडी कालव्याच्या पुलावरून लेआर्कोच्या गावाकडे वळली. तिथेच तिला कॉफी मिळाली असणार, आणि कॉफीबरोबर हे सगळं पढवूनही झालं असणार.

११ जानेवारी, रविवार

जाळ्यांचा दिवस. धुकं असं की पसरलेला हात दिसेना, तरी चारही गावांची माणसं जाळ्यांच्या शेडपुढे जमली. पेट्या, काठ्या, बडवायला पत्र्याचे डबे. शेडची किल्ली माझ्या खिशात.

"यंदा मोजणी कमी आली आहे," मी सांगितलं. "जाळी नाहीत. परत जा."

कमी आलेली नाही. इथे लिहायला हरकत नाही, मोजताना मला मध्येच सोडून द्यावं लागलं इतके होते.

लेआर्को पुढे आला. "कमी? अरे, काल मी बांधावर उभा होतो. तुझ्या गव्हात ससे एकमेकांना कोपर मारत होते."

"मग जा, त्यांनाच विचार येतात का तुझ्याबरोबर."

"मेहुण्या, हे ससे काय तुझ्या बापाने ठेवलेत?"

"राखलेत मी. तू नुसते गिळलेस."

लोक हसले, मग चिडले. कोणीतरी पेटी लाथेने उडवली, कोणीतरी माझ्या बुटांजवळ थुंकलं. इनेस दरवर्षीप्रमाणे हाकाऱ्यांसाठी मसाले घातलेली गरम वाइन घेऊन आली होती. पातेलं खाली ठेवून ती माझ्याजवळ आली. मला रिनो म्हणणारी आता ती एकटीच उरली आहे.

"रिनो, दार उघड. वर्षातून एकदा सगळी गावं एका रांगेत उभी राहतात."

"तुझ्या नवऱ्याला सांग आधी..."

"नवऱ्याचं राहू दे. मी सांगतेय."

मी किल्ली काढली नाही. तिने सगळ्यांना वाइन वाढली. माझ्यापर्यंत आली तेव्हा पातेलं रिकामं झालं होतं, किंवा तिने केलं होतं. सगळे गेल्यावर मी एकटा गव्हाच्या कडेने हिंडलो. जिकडेतिकडे कान. जिंकलो, एवढं मात्र वाटलं.

२ फेब्रुवारी

आज एक ससा बांधाजवळ बसलेला. मी पाच पावलांवर गेलो तरी पळेना. ससा पळत नाही म्हणजे काय! कानांना धरून उचलला, तर हातातच मान टाकली त्याने. पुढे चरात आणखी दोन, ताठ झालेले.

विष. दुसरं काय असणार? जाळी मिळाली नाहीत म्हणून विष घातलं त्या मेल्या लेआर्कोने. माझे ससे त्याला मिळाले नाहीत, तर ते मलाही मिळू नयेत. तळपायाची आग मस्तकात गेली. चरातून ससे काढताना काटेरी झुडपात उजव्या हाताचं बोट चांगलंच फाटलं, तेही तेव्हा कळलं नाही.

बाईला बोलावणार नाही. ती आधी ‘मी सांगितलं होतं’ म्हणेल, आणि मग राखीव रान रिकामं करण्याचा हुकूम घेऊन येईल. तिघांना शेडच्या मागे खड्डा करून पुरलं.

७ फेब्रुवारी

रोज चार, पाच. खड्डा रुंद करावा लागला. पोट भरलेले, बरे दिसणारे ससे, आणि मरून पडलेले. पुरताना वाईट वाटतं, रडूही येतं, ते लपवून काय करायचं? माझ्याएवढा या प्राण्यांना कोणी जीव लावला नाही.

बोट चिघळलं आहे. काट्याच्या जागी गोल जखम, मध्ये काळी खपली. काखेत गाठ आली आहे, फावड्याने खणून खणून येणारच. रात्री थंडी भरून येते. गावात सर्दीतापाची साथ आहेच.

१० फेब्रुवारी

आज मेहुण्याला उत्तर दिलं.

सकाळी बारमध्ये गेलो आणि गल्ल्यावरच्या प्रिमोला सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय रे, लेआर्को दिसत नाही?" तो म्हणाला, कुत्रा बघायला फेराराला गेलाय, उद्या दुपारी परतेल. हेच हवं होतं. तो घरी असता तर दारातच मारामारी झाली असती, आणि अंगात ताप असताना मला ती झेपली नसती.

आमच्याकडे कोणाच्या दाराला मागच्या पायांनी ससा टांगला तर ती भेट. नाव सांगायचं नाही, आभार मानायचे नाहीत. ज्याने टांगला त्याने रविवारी जेवायला यायचं, आणि असलं नसलं भांडण तिथे मिटवायचं. मी आज सकाळी मेलेला एक गुबगुबीत ससा घेतला आणि दोरी त्याच्या गळ्याला बांधली, चोराला फाशी देतात तशी. संध्याकाळच्या धुक्यात त्यांच्या मागच्या दाराच्या कडीला लटकवून आलो. लेआर्को बघेल आणि जे समजायचं ते समजेल. घरी येऊन बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

११ फेब्रुवारी

सकाळी फोन वाजला. इनेस. इतकी खुशीत की आवाजच ओळखू येईना.

"रिनो, मेल्या, शेवटी आलास ना वठणीवर! मला माहीत होतं. काल रात्रीच लेआर्कोला फोन करून सांगितलं, तोही म्हणाला, बरं झालं बाई. किती छान ससा दिलास! सोलला, तुकडे केले, वाइनमध्ये मुरत घातलाय. आणि दोरी गळ्याला कसली बांधलीस, वेंधळ्या? तुला साधा ससा टांगता येत नाही? रविवारी ये. लवकर ये."

मी म्हणालो, "फेकून दे तो. विष घालून मारलेला आहे. तुझ्या नवऱ्याने घातलेलं विष आहे, त्याला परत केलं."

ती म्हणाली, "तासभर बसून सोलला रे मी," आणि फोन ठेवला.

कोणी खाल्ला नाही, हे एक बरं झालं. वेळेवर सांगितलं मी. बाकी तिला वाईट वाटलं असेल तर त्याचा जाब तिने आपल्या नवऱ्याला विचारावा.

१७ फेब्रुवारी

प्रिमो म्हणाला इनेसला ताप आहे, अंथरुणाला खिळली आहे. मी म्हणालो, अर्ध्या गावाला आहे, मलाही आहे. फोन करावासा वाटला, पण आता तिने करायचा. फोन आपटला तिने, मी नाही. आज खड्ड्यात सात गेले. उकरायला कुदळ उचलत नव्हती.

२० फेब्रुवारी

लेआर्को माझ्या अंगणात आला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"काय लावलं होतंस त्या सशाला? नाव सांग."

"तूच घातलंस, तूच सांग."

त्याने माझी कॉलर धरली. "इनेस इस्पितळात आहे. श्वास लागलाय. डॉक्टर विचारताहेत कुठलं विष आहे. नेहमीची औषधं लागू पडत नाहीयेत. अरे, भांडण मागून कर, आधी नाव सांग!"

"तिने खाल्ला नाही. तिला विष कसं लागेल? उगाच माझ्यावर ढकलू नकोस."

"मी विष घालीन? मी? मी शिकारी आहे रे गाढवा! विषाने मेलेला ससा मला विकता येतो, की शिजवता येतो? मला ससे जिवंत हवे होते. पेट्या घेऊन तुझ्या दारात उभा होतो मी!"

मी त्याला ढकलून दिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. हा माणूस पूर्वी जत्रेतल्या नाटकात काम करायचा, रडणं त्याला जमतं. तो गेल्यावर मात्र मला बसवेना आणि उभंही राहवेना. विष नाही तर मग काय?

२२ फेब्रुवारी, रविवार

मिरेल्लाबाई आली. त्या सशाबद्दल तिने ऐकलं होतं.

"तो ससा कुठे सापडला? आणखी मेलेत का?"

"एकच होता."

"नक्की? ओत्तोरिनो, मी कमिटीकडून आलेली नाही. त्या घरी आता सशाचं काही उरलेलं नाही, सगळं जाळून टाकलंय. तपासायला मला एक तरी हवा."

शेडच्या मागे जेमतेम वीस पावलांवर खड्डा होता. मी म्हणालो, नाही.

"बोटाला काय झालंय?"

"काटा."

ती माझ्या पट्टीकडे बघत राहिली. "इनेसला बघून आलात का?" मी म्हणालो, तिच्या नवऱ्याने दारात पाऊल ठेवू दिलं तर ना. ती गाडीत बसली. तिने ते रान रिकामं केलं असतं. अकरा वर्षं. कोणी माझ्या जागी असतं तर काय केलं असतं?

२४ फेब्रुवारी

इस्पितळात गेलो. लेआर्को बाहेरच्या बाकावर झोपला होता, म्हणून आत शिरता आलं.

इनेसच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. मला तिने ओळखलं की नाही, कळलं नाही. नर्स तिच्या हाताची पट्टी बदलत होती. अंगठ्याशेजारच्या बोटावर गोल जखम, मध्ये काळी खपली. "काखेतही गाठ आहे बिचारीच्या," नर्स म्हणाली, "कशाची ते कोणाला कळत नाही."

मी माझी पट्टी सोडली. दोन्ही हात शेजारी धरून बघितले. तिनेही ससा खाल्लेला नव्हता, मीही नाही. दोघांनी नुसता हाताळला होता.

डॉक्टरला हाक मारली. तोवर लेआर्को जागा होऊन दारात आला होता. त्याच्यासमोरच बोलावं लागलं. म्हणालो, विष नाही, सशांना काहीतरी झालं आहे, तीन आठवडे मरताहेत, माझ्या शेडमागे पुरलेत, हा माझा हात बघा. डॉक्टरने विचारलं किती. म्हणालो, खड्डा भरला. तो लगेच फोनकडे धावला.

लेआर्कोने माझ्या कानाखाली वाजवली. नर्सने आम्हा दोघांनाही बाहेर काढलं, आणि मग माझा ताप बघून मला परत आत घेतलं.

३ मार्च, पुरुषांचा वॉर्ड

सशांचा ताप म्हणतात याला. त्याचं औषध वेगळं असतं, नेहमीच्या औषधाला तो दाद देत नाही. इनेसचा श्वास मोकळा झाला, मुखवटा काढला. मीही उठून बसतो आहे. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर काय, ते डॉक्टरने सांगितलं. इथे लिहीत नाही.

मिरेल्लाबाई खिडकीशी खुर्ची ओढून बसली होती. खड्डा तिने उकरला, हातमोजे घालून, तोंड बांधून. मी वाट बघत होतो की आता ती ‘मी सांगितलं होतं’ म्हणेल. ते तिने म्हटलं नाही. उकरलेल्या माद्यांबद्दल मीच विचारलं. म्हणाली, "बहुतेक रिकाम्या. गेलं वर्षभर तुमच्याकडे पिल्लं जवळजवळ झालेलीच नाहीत. साथ नसती आली तरी हे असंच संपणार होतं, जरा सावकाश." मग म्हणाली, "जानेवारीत पसरले असते तर निदान काही माद्या व्यायल्या असत्या."

आता इथला ससा कोणालाच मिळणार नाही. साथ सरेपर्यंत रान बंद, पेट्या जाळल्या. कमिटीने किल्ली काढून घेतली आणि दिली कोणाला? लेआर्कोला. मेलेले ससे गोळा करायला राजी झालेला तो एकटाच निघाला म्हणे. मला हे अजून गिळवत नाही. तो त्या रानात फिरतो आहे, माझ्या बांधावरून, आणि मी इथे पातळ सूप पितो आहे.

८ मार्च, रविवार

इनेस आली. अंगावर इस्पितळाचा झगा, वर शाल, भिंतीला धरून धरून चालत. लेआर्कोला जिन्यातच थांबवून आली होती. माझ्या पायांशी बसली. किती वाळली आहे! मी विचारलं, जेवतेस का? म्हणाली, जेवते.

मी ठरवून ठेवलं होतं, तिने शिव्या घातल्या तर ऐकून घ्यायच्या. रडली तर माफी मागायची. तिने दोन्ही केलं नाही.

"रिनो, एक विचारायचं होतं. त्या दिवशी लेआर्को फेराराला गेलाय, हे तू बारमध्ये विचारून घेतलंस. प्रिमो म्हणाला मला."

"हो."

"म्हणजे घरात मी एकटी आहे, हे तुला ठाऊक होतं."

"हो."

"मग दार कोण उघडणार होतं?"

ती थांबली होती, घाई नव्हती तिला. लेआर्को परतेल, तो बघेल, त्याचं तोंड कसं होईल, हे सगळं मी मनात शंभरदा पाहिलं होतं. त्याच्या आधी कोणीतरी कडी काढणार, आणि ती माझी बहीण असणार, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

"तुझा विचारच केला नाही," मी म्हणालो.

"तेच वाटलं होतं मला," ती म्हणाली. मग शाल सावरली, पलंगाचा कठडा धरून उठली आणि भिंतीच्या आधाराने हळूहळू जिन्याकडे गेली. मी खोटं बोललो असतो, तर कदाचित आणखी थोडा वेळ बसली असती.